सेलेम येथील ऐतिहासिक स्थळें व त्यांची प्रामाण्यपरीक्षा

(१) प्रास्ताविक

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या ईशान्य किनाऱ्यावर, मासाच्युसेट्स संस्थानांत, बोस्टन शहराच्या उत्तरेस सुमारें सोळा मैलांवर सेलेम नांवाचें एक जुनें बंदर आहे. रॉजर कोनंट नांवाच्या गृहस्थानें इ. स. १६२६ मध्यें कांहीं कुटुंबें बरोबर घेऊन येथें वस्ती केली. म्हणजे २०२६ हें या वसाहतीचें चारशें वर्षांच्या पूर्तीचें साल होय. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंत या जागेचें नांव नॉमकीग असें होतें. १६२९ त नवागतांनीं तें टाकून सेलेम हें हिब्रू भाषेंतील शांतिवाचक नांव दिलें. पुढें जें नगर एका अन्याय्य न्यायदानामुळें जगास ठाऊक झालें, त्याचें नांव शांति या अर्थाचें असावें, हा योग चमत्कारिक खरा.

या नगरांत आठ दिवस राहून तेथील स्थळें पायीं हिंडून पाहण्याचा योग आम्हांस आला. सेलेमचें वर्णन करणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. त्यांचा सारांश मराठींत उतरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. जुन्या गांवीं गेलेल्या मनुष्यास जें दाखविलें जातें, त्यापैकीं किती खरोखर जुनें, किती डागडुजी केलेलें, किती नव्यानें उभारलेलें व किती निव्वळ कल्पित, हें ओळखावें कसें, याचा विचार सेलेमच्या उदाहरणानें करावा, आणि या गांवाचा मुंबईशीं व मराठी मुद्रणाशीं जो संबंध आला तोहि सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिज्ञासूंच्या सोयीसाठीं राहण्याविषयीं दोन शब्द प्रथमच सांगून ठेवतों. बोस्टनच्या उत्तर स्थानकावरून आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आसपास सेलेम येतें. पाहण्यासारखीं बहुतेक स्थळें मैल-दीड मैलाच्या टापूंत आहेत, त्यामुळें गाडीघोड्याची गरज पडत नाहीं. गांवांतील सार्वजनिक मैदानाच्या आसपास बिऱ्हाड करावें, म्हणजे धक्का, संग्रहालय व जुनी दफनभूमि हीं तिन्हीं हाकेच्या अंतरावर राहतात. या मैदानालगत १९२५ सालीं उघडलेलें हॉथॉर्न हॉटेल आहे. शिवाय कित्येक जुन्या घरांतून पाहुण्यांस खोल्या मिळतात. मात्र ऑक्टोबर महिना टाळावा. त्या महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या भुताखेतांच्या सणानिमित्त येथें लाखों लोक लोटतात; मग जागा मिळत नाहीं, आणि मिळाली तरी अभ्यास होत नाहीं.

(२) परीक्षेची रीति

कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम तो अस्सल कीं नक्कल, समकालीन कीं मागाहून लिहिलेला, हें पाहतो. बखरींतील मजकूर मनोरंजक असला तरी त्यास समकालीन पत्राचा आधार मिळेपर्यंत तो बाजूस ठेवतो. आमच्या मतें स्थळांसहि हीच कसोटी लाविली पाहिजे. स्थळांचे वर्ग चार: जें मूळ जागीं मूळ रूपानें उभें आहे तें अस्सल, ज्याचा सांगाडा जुना पण अंग नवें तें जीर्णोद्धृत, मूळ नष्ट झाल्यावर त्याबरहुकूम केलेलें तें नक्कल, आणि ज्यास मूळच नाहीं तें बनावट.

या परीक्षेची आवश्यकता काय, अशी शंका कोणी घेईल. स्थळ पाहणाराची समजूत अशी असते कीं, आपण डोळ्यांनीं पाहतों, तेव्हां आपलें ज्ञान प्रत्यक्ष प्रमाणावर उभें आहे. ही समजूत अर्धीच खरी. समोर भिंत आहे, हें ज्ञान प्रत्यक्ष होय. परंतु ‘हीच ती भिंत’ हें ज्ञान प्रत्यक्ष नव्हे. तें कोणी सांगतो म्हणून आपणांस होतें. नैयायिकांच्या परिभाषेंत तें शब्दजन्य ज्ञान होय, आणि शब्द प्रमाण ठरण्यास सांगणारा आप्त, म्हणजे वस्तु जशी असेल तशी जाणणारा व तशीच सांगणारा, असावा लागतो. प्रत्यक्ष व शब्द यांची ही गल्लत यात्रेकरूनें केली तर त्याचें फारसें बिघडत नाहीं. न्यायालयानें केली तर माणसें मरतात. सेलेममध्यें हें दुसरें घडलें, आणि म्हणूनच या विषयास सेलेमइतकें योग्य उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

(३) सोळाशें ब्याण्णवचें प्रकरण

१६९२ च्या आरंभीं सेलेम खेड्यांत सॅम्युएल पॅरिस या धर्मोपदेशकाच्या घरीं त्याची नऊ वर्षांची मुलगी व नात्यांतील अकरा वर्षांची दुसरी मुलगी यांस विलक्षण झटके येऊं लागले. हें खेडें त्या वेळीं सेलेम नगराच्या हद्दींत होतें. आज तें डॅन्व्हर्स या नांवानें स्वतंत्र आहे. मुलींवर कोणीतरी चेटूक केलें असा तर्क निघाला. २९ फेब्रुवारी रोजीं तीन स्त्रियांवर पकडहुकूम निघाले: पॅरिसच्या घरची गुलाम स्त्री टिटुबा, भीक मागून पोट भरणारी सारा गुड, आणि आजारी असलेली सारा ऑस्बोर्न. तिघीहि अशा कीं त्यांचा कैवार घेणारें कोणी नव्हतें. पुढें मात्र हें लोण सुस्थितींतील व धर्मनिष्ठ कुटुंबांपर्यंत पोंचलें, आणि आरोपितांची संख्या दीडशेंच्या वर गेली.

गव्हर्नर सर विल्यम फिप्स यानें मे महिन्यांत एक खास न्यायालय नेमलें. विल्यम स्टाउटन हा त्याचा मुख्य होता. १० जून रोजीं ब्रिजेट बिशप हिला फांशीं देण्यांत आलें. त्यानंतर १९ जुलै रोजीं पांच, १९ ऑगस्ट रोजीं पांच व २२ सप्टेंबर रोजीं आठ, अशीं एकंदर एकोणीस माणसें फांशीं गेलीं; त्यांत स्त्रिया चौदा व पुरुष पांच होते. जाइल्स कोरी या ऐशीं वर्षांच्या सुमाराच्या शेतकऱ्यानें आरोपास उत्तर देण्याचें नाकारलें, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्यास चिरडण्यांत आलें. निदान पांच माणसें तुरुंगांत मेलीं. सेलेममध्यें चेटकिणी जाळल्या, अशी जी समजूत दूरवर पसरली आहे ती निराधार आहे. तेथें कोणासहि जाळलें नाहीं.

आतां पुराव्याकडे पाहूं. पीडित मुली न्यायालयांत येऊन म्हणत कीं, अमुक बाईची छाया आम्हांस चिमटे काढते, गळा दाबते. ती बाई त्या वेळीं आपल्या घरीं होती असें सिद्ध झालें तरी तिची सुटका होत नसे. कारण फिरत होती ती बाई नव्हे, तिची छाया! ही छाया पीडितांखेरीज कोणासहि दिसत नव्हती. न्यायाधीशांनीं हा पुरावा प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदाराचा म्हणून धरला. वस्तुतः तो एकाचें प्रत्यक्ष व बाकी सर्वांस शब्द होता, आणि सांगणाराच्या आप्तत्वाची परीक्षा कोणीं केलीच नाहीं. परिणाम असा झाला कीं, कबुली देऊन ती कायम ठेवणारा कोणीहि त्या वर्षीं फांशीं गेला नाहीं. आणि आपण निरपराधी आहों हें सत्य जीं सांगत राहिलीं, तीं मेलीं.

ऑक्टोबरमध्यें फिप्सनें हें न्यायालय मोडलें. इंक्रीज मॅदर या वजनदार धर्मोपदेशकानें छायारूपी पुराव्यावर आक्षेप घेतला होता, आणि १६९३ च्या जानेवारींत नव्या न्यायालयानें तो पुरावा बाजूस सारतांच खटले कोसळले. न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल यानें १६९७ त भर प्रार्थनामंदिरांत उभें राहून आपल्या दोषाची कबुली दिली. १७११ त अनेकांवरील दोषारोप रद्द होऊन कुटुंबांस भरपाई मिळाली. तरीहि एलिझाबेथ जॉन्सन या नांवाची, शिक्षा ठोठावली गेलेली पण फांशीं न गेलेली, एक स्त्री कागदोपत्रीं दोषीच राहिली होती. नॉर्थ अँडोव्हर येथील एका माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनीं नागरिकशास्त्राच्या वर्गांत हें प्रकरण हातीं घेऊन पाठपुरावा केला, आणि २०२२ सालीं विधिमंडळानें तिचें नांव निष्कलंक केलें. ज्या खटल्यांचा आरंभ मुलांच्या साक्षीनें झाला, त्यांतील शेवटचा डाग तीनशें तीस वर्षांनीं मुलांच्याच अभ्यासानें पुसला गेला, ही गोष्ट शिक्षकवर्गानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

(४) या प्रकरणाचीं स्थळें

ज्या न्यायालयांत हे खटले चालले ती इमारत आज नाहीं. तत्कालीन तुरुंगहि नाहीं. सेलेम नगरांत या खटल्यांशीं थेट संबंध असलेलें व आज उभें असलेलें घर एकच, तें न्यायाधीश जोनाथन कॉर्विन याचें. त्यानें तें १६७५ त विकत घेतलें. मध्यंतरीं त्याचें रूप पार पालटून त्याच्या अंगाशीं औषधांचें दुकानहि जोडलें गेलें होतें. १९४४ च्या सुमारास रस्ता रुंद करण्यासाठीं तें पाडण्याचा घाट घातला गेला, तेव्हां नागरिकांनीं संस्था स्थापून पैसा जमविला, घर सुमारें पस्तीस फूट मागें सरकविलें, आणि सतराव्या शतकाच्या धर्तीवर दुरुस्त करून १९४८ त लोकांस खुलें केलें. तेव्हां आमच्या वर्गीकरणाप्रमाणें सांगाडा अस्सल, रूप जीर्णोद्धृत, व जागा किंचित् हललेली, असा त्याचा निर्णय होतो. पाहणारानें आंत शिरतांना एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

चार्टर रस्त्यावरील जुनी दफनभूमि १६३७ पासूनची व अस्सल आहे. न्यायाधीश जॉन हॅथॉर्न याचें थडगें येथें आहे. फांशीं गेलेल्यांपैकीं कोणाचेंहि थडगें येथें नाहीं. त्यांस दफनभूमींत जागा मिळाली नाहीं. म्हणूनच या भूमीच्या कुंपणालगत १९९२ सालीं उभारलेलें स्मारक आम्हांस अर्थपूर्ण वाटलें. दगडी भिंतींतून वीस शिळा आसनांप्रमाणें पुढें आल्या आहेत. प्रत्येकीवर एक नांव, मरणाचा प्रकार व तारीख, एवढेंच कोरलें आहे. हें स्मारक जुनेपणाचा आव आणीत नाहीं, आणि त्यावर असा एकहि शब्द नाहीं ज्यास कागदाचा आधार नाहीं.

संशोधकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें स्थळ मात्र गांवाच्या पश्चिम बाजूस, एका औषधांच्या मोठ्या दुकानामागें आहे. फांशी दिली ती जागा कोणती? परंपरा सांगे कीं, फांशीच्या टेंकडीचा माथा. वकील व इतिहासकार सिडने पर्ली यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं कागदपत्रें तपासून असें मांडलें कीं, जागा माथ्यावर नसून पायथ्यानजीकच्या प्रॉक्टर्स लेज नांवाच्या खडकाळ पट्ट्यावर होती. नगरपालिकेनें १९३६ त हा पट्टा विकतहि घेतला. परंतु तेथें खूण कांहीं उभी राहिली नाहीं, आणि लोक माथ्यावरच जात राहिले.

२०१६ सालीं अभ्यासकांच्या एका मंडळानें या प्रश्नाचा निकाल लाविला. त्यांची पद्धति लक्षांत घेण्यासारखी आहे. रिबेका ईम्स नांवाच्या एका आरोपी स्त्रीच्या तपासणीच्या कागदांत असें आहे कीं, १९ ऑगस्ट रोजीं तिला टेंकडीखालच्या घरीं ठेविलें होतें व तेथून तिला फांशीच्या वेळचे लोक दिसले. हें घर बोस्टनच्या रस्त्यावर कोठें होतें तें ठरविलें, त्या घरावरून कोणता उंचवटा दिसूं शकतो याचें मोजमाप केलें, आणि माथ्याचा पक्ष बाद होऊन खालचा पट्टा शिल्लक राहिला. भूमींत लहरी सोडून आंतील थर पाहणाऱ्या यंत्रानें पाहतां तेथें माती फार उथळ आढळली; प्रेतें पुरल्याची खूण सांपडली नाहीं. म्हणजे जागा मरणाची, दफनाची नव्हे. सहज लिहिल्या गेलेल्या एका ओळीनें तीनशें वर्षांची परंपरा फिरविली! १९ जुलै २०१७ रोजीं, पांच स्त्रियांच्या फांशीस ३२५ वर्षें झालीं त्या दिवशीं, येथें लहानसें स्मारक उघडलें. आम्ही गेलों त्या वेळीं तेथें दुसरें कोणी नव्हतें. बाजारांत मात्र चालावयास वाट नव्हती.

त्या बाजाराविषयींहि लिहिलें पाहिजे. मेणाचे पुतळे, दिव्यांचे खेळ, टोकदार काळ्या टोप्या, जडीबुटी व भविष्यकथन यांचीं दुकानें गांवभर आहेत. दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेंतील काल्पनिक चेटकिणीचा पुतळा २००५ सालीं भर चौकांत बसविला. त्याचा १६९२ शीं कांहींएक संबंध नाहीं. रॉजर कोनंट याचा १९१३ चा पुतळा झगा व रुंद टोपी घालून उभा आहे, तर पुष्कळ यात्रेकरू त्यासहि मांत्रिकच समजतात. हा सर्व वर्ग बनावट. त्यांत करमणूक आहे हें कबूल. परंतु जीं माणसें आपण चेटकिणी नाहीं असें सांगत मेलीं, त्यांच्या नांवावर चेटकिणींचा बाजार चालावा, यांत त्यांच्यावर दुसऱ्यांदा तोच आरोप ठेवल्यासारखें होतें. पोटासाठीं गांवानें हें केलें हें खरें. बंदर बसलें, पुढें कारखानेहि गेले, आणि यात्रेकरू हेंच उत्पन्न राहिलें. तरी कारण सांगितल्यानें दोष जात नाहीं.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट. खटल्यांचे पांचशेंहून अधिक मूळ कागद सेलेमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या फिलिप्स ग्रंथालयांत दीर्घकाळ ठेव म्हणून होते. हें ग्रंथालय २०१८ त कांहीं मैल उत्तरेस रौली या गांवीं गेलें. जागेची व हवामाननियंत्रणाची सोय तेथें अधिक, असें कारण दिलें गेलें, आणि सेलेमच्या नागरिकांनीं त्यास विरोध केला. पुढें २०२३ सालीं ५२७ कागद त्यांच्या मूळ मालकाकडे, म्हणजे संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोस्टन येथील दफ्तरखान्यांत, परत गेले. कागद सुरक्षित आहेत, त्यांच्या प्रतिमा कोणासहि पाहतां येतात, हें उत्तम झालें. पण टोप्या गांवांत राहिल्या व कागद गांवाबाहेर गेले, हें चित्र विचार करण्याजोगें आहे. ज्यांनीं आपल्याकडे घराण्यांचीं दफ्तरें गांवांतून हलतांना पाहिलीं आहेत, त्यांस यांतील दोन्हीं बाजू कळतील.

(५) धक्का व जकातघर

सेलेमचा खरा मोठेपणा समुद्रावर घडला. डर्बी धक्का १७६२ पासून बांधला जाऊन १८०६ च्या सुमारास आजच्या लांबीस पोंचला; तो जवळजवळ अर्धा मैल पाण्यांत गेला आहे. एलायस हॅस्केट डर्बी (१७३९–१७९९) हा येथील व्यापाऱ्यांत अग्रणी. त्याचें ‘ग्रँड टर्क’ हें जहाज १७८६ त चीनमध्यें कँटन येथें पोंचलें. सुमात्रा बेटावरील मिरीं, कलकत्त्याचें कापड, साखर व नीळ हीं येथें उतरत आणि पुढें युरोपांत जात. १८०७ ची व्यापारबंदी व १८१२ चें इंग्लंडाशीं युद्ध यांनीं हा व्यापार खचला, आणि उथळ बंदर असल्यामुळें मोठीं जहाजें बोस्टनकडे वळलीं. विटांचें भव्य जकातघर बांधलें तें १८१९ सालीं, म्हणजे उतरती कळा लागल्यावर! याच इमारतींत नाथानिएल हॉथॉर्न हा प्रसिद्ध कादंबरीकार १८४६ ते १८४९ पर्यंत अधिकारी होता. पूर्वोक्त न्यायाधीश हॅथॉर्न याचाच तो वंशज.

१९३८ सालीं संयुक्त सरकारनें हा धक्का व भोंवतालच्या इमारती ताब्यांत घेऊन देशांतील पहिलें राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ जाहीर केलें. येथील व्यवस्था आम्हांस अनुकरणीय वाटली. अस्सल काय व नक्कल काय हें येथें लपविलें जात नाहीं. धक्का अस्सल. जकातघरावरील गरुडपक्षी नक्कल. १८२६ चा मूळ लांकडी गरुड काढून ठेवला आहे. ‘फ्रेंडशिप’ हें जहाज नक्कल. १७९७ चें मूळ जहाज १८१२ च्या युद्धांत इंग्रजांनीं पकडलें, आणि हें विसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलें. नक्कल आहे असें सांगून दाखविलेली नक्कल हें ज्ञानाचें साधन होय. अस्सल म्हणून दाखविलेली तीच वस्तु फसवणूक होय.

जवळच ‘सात गेबलांचें घर’ आहे. १६६८ चें हें घर, पण मूळचे त्रिकोणी माथे मध्यंतरीं कमी झाले होते. कॅरोलाइन एमर्टन या बाईंनीं १९०८ त तें विकत घेऊन पुनः सात माथ्यांचें केलें व १९१० त उघडलें. दर्शनार्थींच्या पैशांतून परदेशाहून आलेल्या गरीब कुटुंबांसाठीं शिक्षणकार्य चालविलें. परंतु जीर्णोद्धार करतांना हॉथॉर्नच्या कादंबरींतील दुकानहि त्या घरांत बसविलें. येथें इतिहासानें कादंबरी घडविली, आणि मग कादंबरीनें इतिहास घडविला! हॉथॉर्न जन्मला तें घरहि १९५८ त दुसऱ्या रस्त्यावरून उचलून याच आवारांत आणून ठेविलें आहे.

(६) सेलेम व मुंबई

१७९९ सालीं येथील नाखव्यांनीं ईस्ट इंडिया मरीन सोसायटी नांवाची संस्था काढली. आफ्रिकेच्या किंवा दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून गेलेला नाखवा वा मालावरील मुखत्यार हाच सभासद होऊं शके. जहाजांचे रोजनामे जमा करावे आणि परदेशांतील नैसर्गिक व कृत्रिम चमत्कारिक वस्तु आणाव्या, असा त्यांचा नियम होता. त्यांतून झालेला संग्रह १८२५ त बांधलेल्या दिवाणखान्यांत मांडला गेला. उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हजर होते. हाच दिवाणखाना आजच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या पोटांत आहे.

हिंदुस्थानांतून आलेल्या वस्तूंचें येथें किती कौतुक होतें, हें विल्यम बेंटली या धर्मोपदेशकाच्या दैनंदिनीवरून कळतें. १८०४ त या संस्थेच्या मिरवणुकींत एक पालखी निघाली होती, व ती वाहण्यास कृष्णवर्णीयांस हिंदी पोशाख घालून लाविलें होतें, असें त्यानें नोंदविलें आहे. कौतुक कोणाचें आणि भार कोणावर, हेंहि त्यांत दिसतें. त्याच्या आधीं, १७९६ त, जेकब क्राउनिन्शील्ड या सेलेमच्या नाखव्यानें कलकत्त्याहून एक हत्तीण ‘अमेरिका’ नांवाच्या जहाजावरून न्यूयॉर्कास नेली. त्या देशानें पाहिलेला पहिला हत्ती तो हाच. त्या जहाजाचा रोजनामा ठेवणारा अधिकारी म्हणजे कादंबरीकार हॉथॉर्नचा पिता.

मुंबईशीं संबंध अधिक जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या गोदीमुळें प्रसिद्ध झालेल्या वाडिया कुळांतील नसरवानजी माणकजी (मृत्यु १८१४) हे मुंबईंत येणाऱ्या अमेरिकन जहाजांचे अडत्ये होते. त्यांनीं सेलेमच्या या संस्थेस आपला पारशी पोशाख भेट म्हणून पाठविला. त्यांचें तैलचित्रहि संग्रहालयाच्या संग्रहांत आहे. ज्या काळीं बहुतेक अमेरिकनांनीं हिंदी मनुष्य पाहिलाहि नव्हता, त्या काळीं एका मुंबईकराचें चित्र त्या गांवीं मानानें ठेवलें गेलें होतें. सेलेमच्या नगरमुद्रेवरील लॅटिन वाक्याचा भाव असा कीं, संपन्न पूर्वेच्या अगदीं शेवटच्या आखातापर्यंत आमची धांव आहे. हा अभिमान पोकळ नव्हता, याची साक्ष हा संग्रह देतो.

(७) सेलेम व मराठी मुद्रण

६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलेमच्या टॅबरनॅकल प्रार्थनामंदिरांत पांच तरुणांस परदेशीं धर्मप्रसारासाठीं दीक्षा दिली गेली. त्यांतील दोघे १९ फेब्रुवारीस ‘कॅरव्हॅन’ नांवाच्या येथीलच व्यापारी जहाजानें कलकत्त्यास निघाले. उरलेले फिलाडेल्फियाहून गेले. व्यापाराची वाट तीच धर्मप्रसाराची वाट झाली. कंपनी सरकारनें त्यांस कलकत्त्यांत राहूं दिलें नाहीं. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ त मुंबईस पोंचले. तेथूनहि घालवून देण्याचे हुकूम सुटले होते. परंतु अखेर त्यांस राहण्याची मोकळीक मिळाली. अमेरिकन मराठी मिशन म्हणून जें पुढें प्रसिद्ध झालें त्याचा हा आरंभ.

या मिशननें १८१५ त मुंबईंत शाळा काढली, व थोडक्याच वर्षांत मराठी छापखाना सुरू केला. तो पाहून गणपत कृष्णाजी यांनीं स्वतःचा छापखाना उभारला व १८३१ त छापील पंचांग काढलें. अहमदनगरहून १८४२ त निघालेलें ‘ज्ञानोदय’ हें पत्र याच मिशनचें. जावजी दादाजी यांनीं लहानपणीं याच छापखान्यांत टाइप घासण्याचें काम केलें. त्यांनींच १८६९ त निर्णयसागर छापखाना काढला, आणि काव्यमालेसारख्या त्यांच्या संस्कृत ग्रंथमालांवर आमच्यासारख्यांचा संस्कृताभ्यास पोसला. सेलेममुळें मराठी मुद्रण जन्मलें असें म्हणणें मात्र अतिव्याप्तीचें होईल. श्रीरामपूरास विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ तच छापलें गेलें होतें. परंतु मुंबईंतील मराठी छपाईच्या साखळीची एक कडी या बंदरांत अडकलेली आहे, एवढें निश्चित. १८१२ ची ती प्रार्थनामंदिराची इमारत आज राहिली नाहीं. त्या जागीं नंतरची इमारत आहे. हा प्रसंग आम्हांस स्थळानें नव्हे, कागदानेंच कळतो.

(८) निष्कर्ष

सेलेमच्या स्थळांचा हिशेब मांडला असतां असें दिसतें कीं, ज्या स्थळीं गर्दी अधिक तेथें आधार कमी, आणि आधार भक्कम असलेल्या प्रॉक्टर्स लेजसारख्या स्थळीं माणूस विरळा. हा दोष एकट्या सेलेमचा नव्हे. जेथें जेथें जुनें गांव यात्रेकरूंवर पोट भरूं लागतें, तेथें ऐकणाराची आवड ही सांगणाराच्या शब्दावर स्वार होते. उपाय सोपा आहे. प्रत्येक स्थळीं चार गोष्टी लिहून लावाव्या: वास्तूचें साल, तींत मूळचें किती, नंतरचें किती, आणि हें कोणत्या कागदावरून सांगतों. डर्बी धक्क्यावर बव्हंशीं असें केलें आहे, व त्यामुळें तेथील शोभा तिळभरहि कमी झालेली नाहीं.

आपल्या मंडळाच्या वाचकांपैकीं जे अमेरिकेंत मुलांबाळांकडे जातात त्यांनीं सेलेमला दोन दिवस अवश्य द्यावे. परंतु बाजारांतून नव्हे, प्रॉक्टर्स लेजच्या खडकापासून आरंभ करावा. तेथें उभें राहिलें म्हणजे कळतें कीं, पुराव्याची छाननी हा पंडितांचा विरंगुळा नाहीं. ज्या वर्षीं ती झाली नाहीं त्या वर्षीं एकोणीस माणसें फांशीं गेलीं. आणि ती जागा कोठली, हें तीनशें वर्षांनीं सांगितलें तेंहि त्याच छाननीनें.